तिरक्या आकृतीचं क्षेत्रफळ: आधी आयत काढा, मग वजा करा

नमस्कार मुलांनो! आज चौकटींची वही आणि पेन्सिल घेऊनच बसा. एक घर म्हणजे एक सेंटीमीटर असं धरू.

खाली डावीकडे एक बिंदू द्या, तो अ. तिथून ६ घरं उजवीकडे आणि २ घरं वर गेलात की ब. परत अ पासून २ घरं उजवीकडे, ५ घरं वर, तो क. तिन्ही जोडा. झाला त्रिकोण.

आता क्षेत्रफळ काढायचं. पाया गुणिले उंची भागिले दोन, हे तुम्हाला पाठ आहे. पण पाया कुठला घेणार? एकही बाजू आडवी नाही, उभी नाही. अब पट्टीने मोजली तर ६.३ आणि ६.४ च्या मध्ये कुठेतरी येते. उंचीही अशीच अर्धवट. अंदाजाला अंदाजाने गुणून नेमकं उत्तर मिळणार नाही.

म्हणून त्रिकोण तसाच राहू द्या. त्याच्याभोवती नेमका बसेल असा आयत काढा. लांबी ६, रुंदी ५, क्षेत्रफळ ३० चौसेमी. आता त्रिकोणाबाहेर काय उरलं? तीन काटकोन त्रिकोण. त्यांच्या काटकोनाच्या बाजू बघा, सगळ्या वहीच्या रेघांवर आहेत, घरं मोजली की झालं! खालचा ६ आणि २, म्हणजे ६. वर उजवीकडचा ४ आणि ३, म्हणजे ६. डावीकडचा २ आणि ५, म्हणजे ५. बेरीज १७. तीसमधून सतरा गेले, राहिले १३ चौसेमी. अगदी नेमके.

आता जरा थांबा, कारण इथे खूप मुलं फसतात. ब ला अ पासून ६ उजवीकडे, ५ वर न्या आणि क ला अ पासून ४ उजवीकडे, १ वर. आयत तोच, ३० चा. पण क आता आयताच्या आत आलाय, कडेला नाही. वरचा मोठा त्रिकोण १५, खालचे दोन २ आणि ४. वजाबाकी केली तर ९ येतात, आणि ते चूक आहे. खाली उजव्या कोपऱ्यात बघा, २ बाय १ चा एक छोटा आयत राहिलाय. तोही वजा करा. उत्तर ७. म्हणून वजा करायचा प्रत्येक तुकडा आधी पेन्सिलीने रंगवा, मगच आकडेमोड.

आणि ही माझी सगळ्यात आवडती आकृती. ७ बाय ७ चा चौरस घ्या. प्रत्येक बाजूवर, एकाच दिशेने फिरत, ३ घरांवर खूण करा. चारही खुणा जोडल्या की आत एक तिरका चौरस दिसतो. कोपऱ्यातले चार त्रिकोण प्रत्येकी ६ चे, मिळून २४. ४९ वजा २४, राहिले २५. म्हणजे तिरकी बाजू बरोबर ५! ३, ४, ५... पायथागोरसचं प्रमेय आलं ना समोर? आता ३ आणि ४ च्या जागी ५ आणि १२ घेऊन हीच आकृती काढा, आणि तिरकी बाजू किती आली ते कमेंटमध्ये लिहा.