अंगठ्याखालचा मणी

'चंचल मन आणि प्रार्थना' या विषयावर तीन उपाय सांगायचं मी कबूल केलंय. ते सांगतोच, पण त्याआधी बरीच वर्षं सलणारी एक गोष्ट बोलून घेतो.

सतरा-अठरा वर्षांचा असताना एका शिबिरात मी विचारलं होतं, 'जपाला बसलो की मन भलतीकडेच जातं, काय करू?' उत्तर आलं, 'मन नसेल तर बसूच नकोस. तो देवाचा अपमान आहे.' मी ते खरं मानलं. उठलो, तो अकरा वर्षं बसलो नाही. असंच काहीतरी ऐकून कायमची उठलेली किती माणसं मला भेटतात! इथंही काही माना हलताहेत.

मला परत बसवलं आईनं, तेही उपदेशाचा एक शब्द न बोलता. शेवटच्या आजारपणात तिची माळ चालू असायची, मी उशाशी. मधेच डोळे उघडून विचारायची, 'दार लावलंस का रे?' 'लावलं.' डोळे पुन्हा मिटायचे. थोड्या वेळानं, 'जेवलास?' मी तिच्या हाताकडे बघत बसे. बोलताना अंगठा आणि मधलं बोट त्याच मण्यावर घट्ट दाबलेलं असायचं. बोलणं संपलं की तिथून पुढे. कपाळाला आठी नाही, पहिल्यापासून सुरुवात नाही. एकदा मी म्हटलं, 'आई, जप मोडला ना?' म्हणाली, 'मोडला कुठं? धरून ठेवलाय की.'

तेव्हा माळेकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. आपली १०८ मण्यांची, मुसलमानांची तसबीह ९९ किंवा ३३ मण्यांची, ख्रिस्ती मंडळींची आणखी वेगळी. मन जागेवर राहत असतं, तर बोटांना हे काम कुणी दिलं असतं? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन आवरणं वारा आवरण्याइतकं कठीण. श्रीकृष्ण त्याला खोडून काढत नाहीत. 'असंशयम्', यात शंकाच नाही, अशी सुरुवात करतात. त्याआधी २६व्या श्लोकात 'यतो यतो' आणि 'ततस्ततो' आहे: जिथं जिथं जाईल, तिथून तिथून परत आणावं. ती द्विरुक्ती मला फार धीर देते. मन जाणार, पुन्हा पुन्हा जाणार, हे तिथं धरूनच चाललंय. २०१० साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २,२५० माणसांना फोनमधल्या ॲपवरून दिवसात केव्हाही गाठून विचारलं, तेव्हा जवळजवळ ४७ टक्के वेळा मन चालू कामावर नव्हतंच. तेच मन घेऊन आपण देवापुढे बसतो. वीसदा भटकलात आणि वीसदा परतलात, तर वीसदा त्याच्याकडे वळलात. माझ्या लेखी ही पुरती प्रार्थना आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. उपाय भराभर सांगतो. जपाचे वाचिक म्हणजे मोठ्यानं, उपांशु म्हणजे ओठांतल्या ओठांत आणि मानसिक म्हणजे मनातल्या मनात, असे तीन प्रकार. मानसिक श्रेष्ठ मानतात, पण मन फार पळत असेल तर खुशाल मोठ्यानं म्हणा. स्वतःचा आवाज कानावर पडला की परतायला सोपं जातं. दुसरं, बैठक लहान ठेवा, पण रोजची ठेवा. तिसरं, एकच काळजी सारखी येत असेल तर तिला हाकलू नका, ती देवालाच सांगा, अगदी माणसाचं नाव घेऊन, आणि मग जपाकडे वळा. मधेच घरातल्या कुणी हाक मारली तर ओ द्या, मणी तेवढा धरून ठेवा.