समोर भिंत, बाजूला प्रतिस्पर्धी

(पडद्यावर: अंधारलेलं अंगण, कौलांवरून ओघळणारं पाणी, एका खिडकीत मोबाइलचा उजेड.)

ऑगस्ट 2024. पहाटेचे साडेपाच वाजलेत. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला आमचा वाडा अजून झोपलेला आहे. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा यायला अवकाश आहे. पाऊस चालूच. आणि मी मोबाइल उशीला टेकवून दोन माणसांना एका भिंतीवर चेंडू मारताना बघतोय.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत या वेळी संध्याकाळचे सात. जागतिक रॅकेटबॉल अजिंक्यपद स्पर्धा, पुरुष एकेरी.

आई चहा ठेवायला उठली होती. "एवढ्या पहाटे कसलं रे क्रिकेट?"

"क्रिकेट नव्हे गे, रॅकेटबॉल."

तिनं वाकून पाहिलं. "मग ह्याच्या विरुद्ध खेळणारा कुठं आहे?"

"तो काय, शेजारीच उभा आहे."

"शेजारी? मग ते भांडतात कुणाशी? भिंतीशी?"

(पडद्यावर: पंचायतीचा हॉल. बॅडमिंटनचं कोर्ट. दोन मुलगे जाळं सोडवताहेत.)

रॅकेटबॉलचं कोर्ट गोव्यात मी तरी कुठं पाहिलेलं नाही. बॅडमिंटनचं मात्र गावोगावी आहे, आणि तेवढं आपल्याला पुरतं. बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्ट वीस फूट रुंद, चव्वेचाळीस फूट लांब. रॅकेटबॉलचं वीस फूट रुंद, चाळीस फूट लांब. म्हणजे जाळं काढा, एका टोकाचे चार फूट सोडून द्या, आणि चारी बाजूंनी भिंती उभ्या करा. समोरची भिंत वीस फूट उंच. मागची निदान बारा फूट, आणि मोठ्या स्पर्धांत ती काचेची, कारण प्रेक्षकांनी बघायचं कुठून? वर छत. तेही खेळात. छताला लागून चेंडू भिंतीवर गेला तरी रॅली चालू राहते.

आपल्या जुन्या घरांतलं राजांगण डोळ्यांसमोर आणा. तुळस काढा, वर झाकण घाला, आत दोन माणसांना कोंडा आणि दार लावून घ्या. झालं कोर्ट.

नियम ऐकायला सोपे. एकानं चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा. परत आलेला चेंडू जमिनीवर दोनदा टप्पा घेण्याआधी दुसऱ्यानं मारायचा, आणि जमिनीला न लागता तो पुन्हा समोरच्या भिंतीवर पोचला पाहिजे. वाटेत बाजूची भिंत लागो, मागची लागो, छत लागो, हरकत नाही. कॅरममध्ये रिबाउंड मारणाऱ्याला हे लगेच कळेल. फरक इतकाच, की इथं सोंगटीच्या जागी तुम्ही स्वतः बोर्डात उभे असता.

(पडद्यावर: निळा रबरी चेंडू, हातात. जवळून.)

हा चेंडू अमेरिकेतल्या मावसभावानं आणून दिला. सव्वादोन इंच व्यासाचा, वजन चाळीस ग्रॅम. आत पोकळ. बॅडमिंटनचं फूल पाच ग्रॅमच्या आसपास, त्या मानानं हा दगडच. पण त्याचा खरा गुण उसळीत आहे. नियम असा, की शंभर इंचांवरून सोडला तर तो अडुसष्ट ते बहात्तर इंच वर आला पाहिजे.

शंभर इंच म्हणजे आठ फूट चार इंच. मी स्टुलावर चढलो, मुलांनी टेप धरली. आधी टेनिसचा चेंडू सोडला. तो खालच्या मुलाच्या खांद्यापर्यंत आला. मग हा निळा सोडला. तो त्याच्या डोक्यावरून वर गेला, आणि पोरगं आपोआप मागं सरलं. खरं तर ही चाचणी एकवीस ते तेवीस अंश तापमानात घ्यायची असते. आमच्या हॉलमध्ये तिशीचा उकाडा. तेव्हा आमचं माप कुणी पुरावा म्हणून धरू नये.

(पडद्यावर: रिकामी भिंत. निवेदनाचा आवाज.)

हा खेळ काढला जो सोबेक नावाच्या माणसानं. 1950 साली, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, ग्रिनिचच्या वायएमसीएमध्ये. सोबेक टेनिस खेळायचा, स्क्वॉश खेळायचा, आणि नोकरी रबराच्या कारखान्यात. हातानं चेंडू मारायचा हँडबॉल तिथं जोरात होता आणि त्याची कोर्टं तयार होती. सोबेकनं आखूड दांड्याची, तारा ओवलेली रॅकेट बनवून घेतली आणि त्या आयत्या कोर्टात शिरला. रॅकेटबॉल हे नाव तर फार नंतर, 1969 मध्ये आलं. रॅकेट आजही आखूडच आहे, जास्तीत जास्त बावीस इंच. तिच्या टोकाला दोरी असते आणि ती मनगटात अडकवावीच लागते. डोळ्यांवर चष्मा लावावाच लागतो. शेजारी माणूस उभा असताना चाळीस ग्रॅमचं रबर ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढं जाणार असेल, तर तेवढी काळजी कमीच.

स्क्वॉश खेळणारे विचारतील, मग यात वेगळं काय? वेगळं तळाशी आहे. स्क्वॉशमध्ये समोरच्या भिंतीच्या पायथ्याला पत्र्याची पट्टी असते, त्याखाली मारलं की गुण गेला. रॅकेटबॉलमध्ये पट्टीच नाही. भिंत जमिनीपर्यंत तुमची. त्यामुळे चांगला खेळाडू चेंडू इतका खाली मारतो, की तो भिंत आणि जमिनीच्या सांध्यात लागतो आणि उसळतच नाही. नुसता घरंगळत येतो. त्याला रोलआउट म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, व्हिडिओ अडकला.

(पडद्यावर: जगाच्या नकाशावर एकेक दिवा लागत जातो.)

जागतिक अजिंक्यपद 1981 मध्ये सुरू झालं, कॅलिफोर्नियात सांता क्लारा इथं. पहिला पुरुष एकेरी विजेता अमेरिकेचा एड अँड्र्यूज. पुढं बरीच वर्षं अमेरिका आणि कॅनडाच. हवाई बेटांवरच्या ईगन इनूएनं 1986 आणि 1990 मध्ये जिंकलं, आणि पुढं हा गडी झुंजीच्या रिंगणातही उतरला. कॅनडाच्या शर्मन ग्रीनफेल्डनं 1994 आणि 1998 मध्ये.

1998 ची स्पर्धा बोलिव्हियात कोचाबांबाला झाली. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटर उंच गाव. विरळ हवेत चेंडू अडत नाही, तो सुसाट जातो. आपल्याकडं याच्या अगदी उलट. जून ते सप्टेंबर गोव्याच्या भिंतींना घाम फुटतो. या हॉलच्या भिंतीवर हात ठेवा, तळवा ओला होईल. रॅकेटबॉलमध्ये ओल्या जागी चेंडू उसळत नाही, घसरतो. तसं झालं तर पंच रॅली पुन्हा खेळवू शकतात. पावसाळ्यात इथं स्पर्धा भरवली तर दिवसभर तेच करत बसावं लागेल, असं माझं आपलं मत.

2000 साली मेक्सिकोच्या अल्वारो बेल्त्राननं मेक्सिकोतच, सान लुइस पोतोसीला, एकेरी जिंकली. आणि मग आला रॉकी कार्सन.

कार्सन कॅलिफोर्नियाचा. 2008 मध्ये आयर्लंडला लिमरिक, 2010 मध्ये दक्षिण कोरियातलं सोल, 2012 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधलं सांतो दोमिंगो, 2014 मध्ये कॅनडातलं बर्लिंग्टन, 2016 मध्ये कोलंबियातलं काली. लागोपाठ पाच वेळा एकाच माणसानं पुरुष एकेरी जिंकली. शेवटच्या वेळी तो सदतीस वर्षांचा होता. 2018 मध्ये कोस्टारिकात सान होसेला ही साखळी तुटली आणि किताब मेक्सिकोच्या रोद्रिगो मोंतोयाकडं गेला.

पण या यादीत एक नाव शोधून सापडत नाही. केन वॉसेलेंचक, कॅनडातल्या एडमंटनचा. व्यावसायिक दौऱ्यावर चौदा हंगाम तो पहिल्या क्रमांकावर राहिला. या खेळातला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, म्हणून विचारलंत तर बहुतेक जण त्याचंच नाव घेतील. आणि जागतिक अजिंक्यपदाचा एकेरीचा किताब त्याच्या नावावर नाही. व्यावसायिक दौरा वेगळा, देशासाठी खेळायची स्पर्धा वेगळी. तिथं आधी गटातले सामने, मग बाद फेरी, आणि पाठीवर देशाचं नाव. मला स्वतःला तो रिकामा रकाना कार्सनच्या पाच किताबांपेक्षा जास्त खुणावतो.

(पडद्यावर: भिंतीवर खडूनं काढलेली गुणांची पाटी.)

गुण मोजायची पद्धतही बदलली. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा, दुसऱ्यानं रॅली जिंकली तर त्याला फक्त सर्व्हिस. आपल्याकडचे जुने बॅडमिंटनवाले हे ऐकून खूश होतील, 2006 पर्यंत त्यांचंही असंच होतं. आता आंतरराष्ट्रीय रॅकेटबॉलमध्येही प्रत्येक रॅलीला गुण. अकरा गुणांचे गेम, पाचपैकी तीन जिंकायचे, आणि दोन गुणांची आघाडी हवी.

आणि आईचा तो प्रश्न. भांडतात कुणाशी?

दोघंही एकाच भिंतीकडं तोंड करून उभे असतात. समोरच्याचे डोळे दिसत नाहीत, कारण समोर कुणी नाहीच. तो पाठीमागं असतो, नाहीतर खांद्याला खांदा लावून. कानावर येतो तो त्याच्या बुटांचा आवाज आणि श्वास. कोर्टाच्या मधली जागा दोघांनाही हवी असते, कारण तिथून चारी कोपरे सारखे जवळ. पण फटका मारला की त्या जागेतून बाजूला व्हावं लागतं. दुसऱ्याला चेंडूकडं जायला वाट आणि भिंतीवर सरळ मारायला मोकळी जागा द्यावीच लागते. नकळत आडवे आलात तर रॅली पुन्हा. टाळता आलं असतं तरी आडवे आलात तर रॅलीच गेली. सर्व्हिसचा चेंडू तुमच्या अंगाला चाटून गेला आणि मागच्याला तो दिसलाच नाही, तर तीही सर्व्हिस धरत नाहीत.

(पडद्यावर: पंचायतीचा हॉल, संध्याकाळ. ट्यूबलाइट. खडूची रेघ.)

शेवटी मुलांना खेळू दिलं. निळा चेंडू मी खिशात ठेवला, त्यांना गुळगुळीत झालेला टेनिसचा दिला. चष्मे एकाच्या दादाच्या मोटरसायकलचे. रॅकेटी बॅडमिंटनच्या जुन्या, तारा तुटल्या तरी चालतील अशा. हॉल सांभाळणाऱ्या काकांनी आधीच बजावलं होतं, "ट्यूब फुटली तर पैसे तुमच्याकडनं." सात वाजता कुलूप.

पहिली दहा मिनिटं चेंडू स्टेजखालीच जात होता. मग थोडं जमायला लागलं. लहानग्यानं एक फटका बाजूच्या भिंतीवरून असा काढला, की मोठा वळेपर्यंत दुसरा टप्पा पडून गेला. पुढच्याच रॅलीत दोघं एकमेकांवर आदळले. चष्मा निसटून नाकावर आला.

मी नियम सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच मोठ्यानं हात वर केला.

"मी आड आलो रे. परत मार."

लहानग्यानं चष्मा वर सरकवला, चेंडू जमिनीवर एकदा आपटला आणि भिंतीकडं वळला.

दाराशी काका किल्ल्या वाजवत उभे होते. सात वाजून पाच मिनिटं झाली होती.