दारातली सदाफुली

(सकाळ. अंगण. न्हाणीचं पाणी वाहत झाडाच्या बुडाशी जातंय.)

यवतमाळ जिल्ह्यातलं एक घर. कुडाला टेकवलेल्या पऱ्हाट्या, आणि न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली ही सदाफुली. शेळी दारातलं काही म्हणता काही सोडत नाही; याला मात्र तोंड लावत नाही. कडूजहर पान.

"साखरेच्या बीमारीवर चावतेत लोकं याचे पानं," आजी सांगते.

हाच समज जमैकातही होता. १९५२ मध्ये तिथली पानं कॅनडात पोहोचली. डॉ. रॉबर्ट नोबल यांनी अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र झपाट्यानं घटल्या. आणि रक्ताचा कॅन्सर म्हणजे बहुतेकदा पांढऱ्या पेशींनाच आलेला ऊत! चार्ल्स बिअर यांच्यासोबत त्यांनी त्यातून व्हिन्ब्लास्टिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. त्याचंच, याच झाडातलं भावंड व्हिन्क्रिस्टिन. १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. मुलांचा रक्ताचा कॅन्सर, लसिकाग्रंथींचा कॅन्सर, लहान मुलांच्या मूत्रपिंडातली गाठ, या सगळ्यांवर ते आजही चालतं.

(आजीचा नातू, वय नऊ. डोक्यावर टोपी.)

पेशीची दोन शकलं होताना आत बारीक दोर विणले जातात. हे औषध त्या दोरांच्या प्रथिनालाच चिकटतं. दोर बनत नाहीत, पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते. पण तसलेच दोर आपल्या नसांमध्येही असतात. म्हणून बोटांना मुंग्या येतात, पाय अडखळतो, पोट साफ होत नाही.

मग दारातलीच पानं का चावू नयेत? शेकडो किलो वाळलेल्या पानांतून औषध निघतं जेमतेम ग्रॅमभर, आणि एका वेळचा डोस साधारण दोन मिलिग्रॅमच्या आत. तोही फक्त शिरेतून. चुकून पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात गेला तर जीव जातो. पानात कोणतं द्रव्य किती, हे कोण मोजणार? चावणाऱ्याच्या वाट्याला येते ती उलटी आणि विषबाधा.

(आतली खोली. पिशवीत फाइल, डबा, पाण्याची बाटली.)

आज नागपूरची खेप. सुरुवातीचे काही आठवडे दर आठवड्याला एक इंजेक्शन. नातू शर्टाची गुंडी लावतोय. बोटांतून निसटते. आजी पुढे सरकते.

"थांब नं आजी, मीच लावतो."

तिसऱ्यांदा गुंडी काजात बसते. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजतो.