खालून आत, वरून बाहेर

नमस्कार मंडळी! पंखा पाचवर आणि तरी अंगावर गरम झोत, उन्हाळ्यात नाशकात घरोघरी हेच चाललेलं असतं, तर आज त्यावरच बोलू.

मी राहतो इंदिरानगरात, टॉप फ्लोअरला. गेल्या मे महिन्यात मावशी आली राहायला, जुन्या नाशकातली, सगळा जन्म वाड्यात गेलेला. रात्री अकराला उठून बसली, म्हणे, "अरे, घर नुसतं कोंदलंय!" मी म्हटलं, मावशी, सगळ्या खिडक्या उघड्या आहेत की. तिने पंखे बंद करायला लावले, देवघरातली उदबत्ती पेटवली आणि ती घेऊन घरभर फिरायला लागली. हॉलच्या खिडकीपाशी धूर जरासा आत वाकला, बेडरूममध्ये मात्र सरळ वर जाऊन स्लॅबखाली घुटमळत बसला. "बघ, यायला वाट आहे, जायला कुठंय? जा, गच्चीचं दार उघड." आता गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, (सोसायटीवाले गच्चीला कुलूप का लावतात हे मला आजवर कळलेलं नाही), त्यांना झोपेतून उठवलं, गच्चीचं दार उघडलं, आपलंही दार सताड उघडं टाकलं आणि काय सांगू, उदबत्तीचा धूर आडवा होऊन हॉलमधून सुटला तो थेट जिन्यात!

गरम हवा हलकी, ती वर चढते, वरून निसटली की खालून गार हवा ओढली जाते. वाड्यात हेच काम चौक करायचा, आमच्याकडे जिन्याने केलं. लक्षात ठेवा, खालून आत, वरून बाहेर. नुसती एक खिडकी उघडून भागत नाही. आणि त्या स्लायडिंगच्या खिडक्या, पैसे अख्ख्या खिडकीचे, हवा अर्धीच, पण बिल्डरला कोण सांगणार!

अजून एक, स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो, पंखा तीच हवा फिरवतो, खोली गार करत नाही. म्हणून दुपारी बाहेर आतल्यापेक्षा जास्त तापलेलं असेल तेव्हा खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि बाहेर गार पडलं की सगळं उघडा. परत सांगतो, दुपारी बंद, रात्री उघडं.

किल्ली अजून माझ्याकडेच आहे बरं का, सेक्रेटरीसाहेब मागतात, मी म्हणतो, पाऊस लागला की देतो.