बाटली, बोळा आणि डिझेल पंप

श्रोतेहो, नमस्कार.

आज ट्रकच्या डिझेल पंपाबद्दल बोलू या. रस्त्यावरचा पंप नव्हे, इंजिनाला चिकटून बसलेला, दाबानं इंजिनाला डिझेल पुरवणारा, गॅरेजमध्ये ज्याला फ्युएल पंप म्हणतात तो. नाशिकजवळ आडगावच्या ट्रक टर्मिनलवर चहाला थांबा, पाच मिनिटांत कुणीतरी सांगेलच, ''पूर्वीचे पंप टिकायचे. आता डिझेलच कोरडं झालंय.'' आणि लगेच पुढचा प्रश्न, ''सर, कुठली बाटली टाकू?''

बाटलीकडे येतो. आधी डिझेल कोरडं झालं का, ते बघू.

पंपाच्या आत एलिमेंट असतं. प्लंजर आणि बॅरलची जोडी, म्हणजे आतबाहेर सरकणारा दांडा आणि त्याची नळी. या दोघांमधली फट असते २ ते ४ मायक्रॉन. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा. या फटीत ऑईल जात नाही, ग्रीस जात नाही. तिथलं वंगण म्हणजे डिझेल. तेच जळणार आणि जळण्याआधी तेच वंगण देणार. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: पंपाचं वंगण म्हणजे डिझेल.

आता डिझेलमधलं गंधक सरकारनं टप्प्याटप्प्यानं कमी केलं. बीएस म्हणजे गाडीच्या प्रदूषणाचे सरकारी टप्पे. बीएस-३ ला ३५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३५० भाग होतं, बीएस-४ ला ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे फक्त १० पीपीएम. गंधक स्वतः वंगण नव्हे, पण ते काढताना रिफायनरीत हायड्रोजनची जी प्रक्रिया करतात, तिच्यात डिझेलला बुळबुळीतपणा देणारे बाकीचे घटकही निघून जातात. म्हणजे आडगावचा ड्रायव्हर अगदीच चुकीचं बोलत नाही. फक्त तो अर्धी गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी अशी की, हा गेलेला बुळबुळीतपणा रिफायनरी पुन्हा घालते. त्याची परीक्षाही होते. एक पोलादी गोळी ६० अंश तापलेल्या डिझेलमध्ये पोलादी चकतीवर ७५ मिनिटं घासतात आणि गोळीवर पडलेला घट्टा मोजतात. तो ४६० मायक्रॉनच्या वर गेला की डिझेल नापास. तेव्हा चांगल्या पंपावरून भरलेलं डिझेल कोरडं नसतं. पुन्हा सांगतो, कोरडं नसतं.

नाशिककरांना खरं तर हे मी सांगायला नको. सातपूरला मायको कंपनीत नोझल, म्हणजे पंपाकडून आलेलं डिझेल इंजिनात फवारणारी तोटी, बनवून या शहरातली किती घरं उभी राहिली, किती मुलं शिकली. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण रिक्षावाल्याला 'मायको सर्कल' म्हटल्याशिवाय कळत नाही. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवायचो तेव्हा वर्गातला निम्मा बाक 'मायकोत लागायचं' म्हणून बसलेला असायचा. हल्ली मुलांना हात काळे करायचे नसतात. आयांनाही नको असतं. आणि मग ट्रक बंद पडला की त्याच आया म्हणतात, चांगला मिस्त्री मिळत नाही हो. असो. विषय पंपाचा आहे.

तर बाटली. बाटलीवरून मला पिंपळगावच्या एका आप्पांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आप्पांचा जुना सहा सिलिंडरचा ट्रक. पावसाळ्यात कांदाचाळीत साठवलेला कांदा भरून वाशी मार्केट, येताना भिवंडीहून मिळेल तो माल. आप्पा माणूस कष्टाळू, हिशेबी आणि जरा जास्तच संशयी. ड्रायव्हर डिझेल काढून विकतो, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. म्हणून त्यांनी टाकीला कुलपाचं झाकण बसवलं आणि किल्ली स्वतःच्या करदोट्याला बांधली. हो, करदोट्याला! टाकी भरायची ती पिंपळगावलाच, आप्पांच्या डोळ्यांदेखत.

त्या पावसाळ्यात ट्रक कसारा घाट चढताना दम तोडायला लागला. उतरताना काही नाही. चढताना मात्र मिस मारायचा, म्हणजे ठोके चुकवायचा, पांढरा धूर सोडायचा, पहिल्या गिअरमध्ये रखडायचा. ॲव्हरेज पडलं. आप्पांचा संशय पक्का झाला. पण कुणीतरी त्यांना सांगितलं, पंप कोरडा पडतोय, औषध घाला. आप्पांनी बाटली आणली. महागातली. वर छापलेलं, 'पंपाचे आयुष्य वाढवते, टाकीतील पाणी नाहीसे करते.' दर खेपेला एक बाटली. ट्रक आणखी बिघडला. आप्पांनी दर खेपेला दोन बाटल्या सुरू केल्या.

शेवटी पंप उतरवून नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका चाचांकडे आला. चाचा जुने पंपमिस्त्री. त्यांच्या टेबलावर पांढरा कपडा अंथरलेला असायचा आणि त्यावर धूळ बसलेली मी कधी पाहिली नाही. बाहेर द्वारका चौकाचा गोंगाट, धुराळा, हॉर्नवर हॉर्न. त्या चौकाचं काय करायचं हे तेव्हा नाशिकमध्ये कुणालाच ठरवता येत नव्हतं, पण चाचांचं टेबल स्वच्छ. मी आयटीआयची पोरं घेऊन त्यांच्याकडे अधूनमधून जायचो. त्या दिवशी होतो.

चाचांनी एक एलिमेंट काढलं. स्वच्छ डिझेलमध्ये बुडवलं. बॅरल तिरपं धरलं, प्लंजर थोडा बाहेर ओढला आणि सोडून दिला. चांगला प्लंजर स्वतःच्या वजनानं सावकाश आत उतरतो. हा उतरेचना. मधेच अडकला. चाचांनी तो चिमट्यानं उचलून पोरांपुढे धरला. घासलेल्या भागाला बोट लावायचं नाही, हा त्यांचा नियम. एरवी आरशासारखा असतो. याच्यावर तिरप्या खाचेजवळ तपकिरी ठिपके आणि खाली बारीक उभ्या रेघा. ''गंज,'' चाचा म्हणाले. ''पानी पिया है इसने.''

आप्पा उसळले. ''पाणी कसं असंल? पाण्याचंच तर औषध घालतोय!''

चाचा काही बोलले नाहीत. पोराला पाठवून ट्रकच्या टाकीचा खालचा नट उघडायला लावला आणि काचेच्या बाटलीत डिझेल मागवलं. आता टाकीत पाणी असलं तर ते जड असतं, तळाला बसतं, वर डिझेल राहतं, मधे सरळ रेघ दिसते. या बाटलीत रेघच नव्हती. सगळं दुधी, गढूळ.

मग चाचांनी जे केलं ते मी पुढे दरवर्षी वर्गात करून दाखवायचो. दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या. दोन्हींत चांगलं डिझेल आणि चमचाभर पाणी. एकीत आप्पांचं औषध टाकलं, दुसरीत नाही. दोन्ही खळखळून हलवल्या, टेबलावर ठेवल्या आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत बिनऔषधाच्या बाटलीत पाणी तळाला जाऊन बसलं. औषधाची बाटली दुधीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा दुधीच.

''पानी गया कहाँ?'' चाचांनी विचारलं. ''पंप में.''

श्रोतेहो, हा मुद्दा पुन्हा ऐका. ट्रकच्या फिल्टरला खाली पाणी वेगळं करणारी वाटी असते. पाणी तळाला बसतं म्हणून ती वाटी काम करते. काही औषधं पाण्याचे इतके बारीक कण करतात की ते डिझेलमध्ये तरंगत राहतात. मग वाटीला ते पकडता येत नाहीत. सरळ त्या २ ते ४ मायक्रॉनच्या फटीत जातात. आप्पा पाणी काढत नव्हते, पंपापर्यंत पोहोचवत होते. दोन बाटल्या घालून, दुप्पट.

पण पाणी आलं कुठून? झाकणाला कुलूप, किल्ली करदोट्याला. आप्पांनी डिझेल भरणाऱ्या पंपवाल्याला शिव्या घातल्या. ड्रायव्हर खाली मान घालून उभा. आणि मग किन्नर, म्हणजे ट्रकचा क्लीनर, बोलला. पंधरा-सोळा वर्षांचं पोर, त्याला राहवलं नाही. ''आप्पा, झाकण कॅबिनमधी ऱ्हातं.''

झालं होतं असं. भिवंडीत गाडी दोन दिवस अडकली, डिझेल संपत आलं. आप्पांना फोन केला तर आप्पा म्हणाले, उगाच नाटकं करू नको, भरून पाठवलंय. ड्रायव्हरनं स्वतःच्या भत्त्यातून डिझेल घेतलं. पण टाकीला कुलूप! मग टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घालून कुलपाची जीभ मोडली. झाकण नुसतं टेकायचं, बसायचं नाही. घाटात पडलं असतं तर आप्पांना कळलं असतं. म्हणून हा शहाणा झाकण सीटखाली जपून ठेवायचा आणि टाकीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबायचा. परत येताना पिंपळगावच्या अलीकडे दहाव्या मैलावर आला की बोळा काढायचा, झाकण टेकवायचं. आप्पा बघायचे तेव्हा झाकण जागेवर.

आणि इगतपुरीचा पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. बोळा भिजायचा, पिळून निघेल इतका, आणि टाकीत ठिबकायचा.

आप्पा बराच वेळ गप्प होते. सहापैकी चार एलिमेंट बदलावी लागली. प्लंजर आणि बॅरल जोडीनंच बदलतात, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलला चालत नाही. बेंचवर कॅलिब्रेशन, म्हणजे सगळी एलिमेंट सारखंच डिझेल देतील अशी जुळणी, झालं, टाकी धुतली, नवं झाकण आलं. त्याची एक किल्ली आप्पांनी ड्रायव्हरला दिली, आणि भत्त्यातले पैसेही. उरलेल्या बाटल्या मात्र फेकवेनात. त्या त्यांनी चुलतभावाला ट्रॅक्टरसाठी भेट दिल्या. चुलतभावाशी त्यांची बांधावरून केस चालू होती.

माझं मत विचाराल तर ड्रायव्हरवर विश्वास ठेवणाऱ्या मालकाची गाडी जास्त टिकते. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण बघा आजूबाजूला.

आता बाकीचं भराभर. टू-टी ऑईल, म्हणजे टू-स्ट्रोक स्कूटरचं ऑईल, डिझेलमध्ये घालणारे बरेच आहेत. जुन्या लाइन पंपाला, म्हणजे आप्पांच्यासारख्या, एलिमेंट ओळीत असलेल्या पंपाला, त्याची गरज नाही, कारण त्याचा खालचा, प्लंजर वर ढकलणारा कॅम इंजिन ऑईलवर चालतो. डिझेलवर फक्त एलिमेंट. रोटरी पंपाचं, म्हणजे फिरत्या भागानं डिझेल वाटणाऱ्या पंपाचं, मात्र सगळंच डिझेलवर, म्हणून निकृष्ट डिझेलचा मार आधी त्याला बसतो. तिथंही उपाय चांगलं डिझेल हाच. आणि बीएस-६ गाडीत टू-टी ऑईल घालूच नका, त्याची राख सायलेन्सरकडच्या धुराच्या फिल्टरमध्ये साठते. नोझल साफ ठेवणारी औषधं असतात, ती थोडंफार काम करतात, हे मान्य. पण ज्या बाटलीवर 'पाणी नाहीसे करते' लिहिलंय, तिच्यापासून सावध. पाणी नाहीसं होत नाही. पाणी नट उघडून काढायचं असतं. सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, वाटीखालचा नट सैल करा, पाणी जाऊ द्या, स्वच्छ डिझेल आलं की घट्ट करा. पावसाळ्यात रोज. आणि टाकी रात्री रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं थंडीत पाणी होतं. निफाडकडची थंडी माहीत असणाऱ्यांना हे पटेल.

रॉकेलबद्दलही बोललं पाहिजे. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ, वंगण कमी. स्वस्त पडतं म्हणून भेसळीचं डिझेल घेणारा पंपाचं आयुष्य विकत असतो. आणि आपल्या जिल्ह्यात ही भेसळ नुसती पंपाची गोष्ट राहिलेली नाही. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे मोठे डेपो आहेत. तिथंच २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. रस्त्याकडेला कॅनमधून मिळणारं स्वस्त डिझेल दिसलं की मला तो दिवस आठवतो. मी थांबत नाही, तुम्हीही थांबू नका.

शेवटचं, नव्या बीएस-६ गाड्यांसाठी. यांच्यात कॉमन रेल असतं, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल देणारी एकच जाड नळी, दाब १६०० बारच्या वर. इथं पाणी आणि घाण यांना माफी नाही, आणि खर्च लाखात जातो. या गाड्यांना दुसरी छोटी टाकी असते, निळ्या झाकणाची, डीईएफची, म्हणजे धूर साफ करायला लागणाऱ्या द्रवाची. तिच्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी. रात्री, घाईत, ढाब्यावर हे डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतल्याचे प्रकार घडतात. तसं झालं तर एकच करायचं. चावी फिरवायची नाही. 'बघू तरी चालू होते का' म्हणूनसुद्धा फिरवायची नाही, कारण काही गाड्यांत चावी लावली की पंप ते पाणी पुढे ढकलायला लागतो. बॅटरीची वायर काढा, टोचन मागवा, गॅरेजमध्ये टाकी पूर्ण रिकामी करून धुवून घ्या. इंजिन सुरू झालेलं नसेल तर बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

नमस्कार.