आंतरराज्य ९४, नॉर्थवेस्टर्न ०

७ नोव्हेंबर १९८१, शनिवार. शिकागोला लागूनच, मिशिगन सरोवराच्या काठी, एव्हन्स्टन नावाचं गाव आहे. तिथल्या डाइक स्टेडियमवर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ मिशिगन स्टेट विद्यापीठाकडून ६१-१४ असा हरला. सामना संपताच विद्यार्थी मैदानात घुसले, गोलपोस्ट उपटून काढले आणि ओरडू लागले, "सगळ्यांत वाईट आम्हीच!" सलग २९वा पराभव होता तो. २८ पराभवांचा जुना विक्रम व्हर्जिनिया आणि कॅन्सस स्टेटच्या नावावर होता, तो आता यांच्याकडे आला.

तुम्ही हसलात. मीही पहिल्यांदा हसलो होतो. शिकागोजवळच्या 'इंटरस्टेट ९४' या महामार्गाच्या पाटीवर कोणीतरी 'नॉर्थवेस्टर्न ०' असं लिहिलं होतं, म्हणजे जणू रस्त्यानेही यांना हरवलं! चांगला विनोद आहे. फक्त तो करणारा गॅलरीत बसलेला होता, एवढं लक्षात ठेवा.

आता मैदानात काय होत होतं ते पाहू. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे जातो. आक्रमणाचे गडी वेगळे, बचावाचे वेगळे. तुमचं आक्रमण दोन मिनिटांत गुंडाळलं गेलं की तुमचा बचाव पुन्हा मैदानात. श्वासही घेतलेला नसतो बिचाऱ्यांनी. मग ते दमतात, गुण जातात आणि पिछाडी भरून काढायला आक्रमण धोका पत्करून लांब पास टाकू लागतं. ते पास प्रतिस्पर्धी मधेच झेलतो. कबड्डीत दोन-तीनच गडी उरले की लोण चढायला कितीसा वेळ लागतो? इथे तेच, आणि तेही दर शनिवारी.

त्या हंगामाचा पहिला सामना ते इंडियानाशी २१-२० असा हरले. एका गुणाने! मला सगळ्यांत जास्त चटका लावतो तो हाच निकाल. पुढे यूटा ४२-०, आयोवा ६४-०, विस्कॉन्सिन ५२-०, ओहायो स्टेट ७०-६. अकरा सामन्यांत यांचे गुण ८२, समोरच्यांचे ५०५. पाच सामन्यांत तर भोपळाच.

का? आळशी होते म्हणून नाही. 'बिग टेन' या गटातलं हे एकमेव खासगी विद्यापीठ होतं. बाकीची मिशिगन, ओहायो स्टेटसारखी अवाढव्य सरकारी विद्यापीठं. नॉर्थवेस्टर्नचे प्रवेशाचे निकष कडक, त्यामुळे निवडायला मुलंच कमी. त्यात हरणाऱ्या संघाकडे चांगला खेळाडू येईल कशाला? १९७९च्या सप्टेंबरात वायोमिंगला हरवल्यानंतर विजय असा दिसलाच नव्हता. म्हणजे १९८१ साली जे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला होते, त्यातल्या काहींनी विद्यापीठाच्या गणवेशात एकही विजय पाहिला नसेल. तरी सोमवारी सरावाला यायचंच.

अशा संघाची जबाबदारी त्या वर्षी बत्तीस वर्षांच्या डेनिस ग्रीन यांच्यावर आली. बिग टेनमधले ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. पहिलं दार उघडलं, तेही या घराचं! हा योगायोग होता असं मला वाटत नाही. ज्या नोकरीसाठी फारशी झुंबड नसते, तीच पहिल्यांदा देऊ केली जाते. आपल्याकडच्या कचेऱ्यांतही हे पाहिलं असेल तुम्ही.

पहिलं वर्ष ०-११. पुढच्या हंगामातले पहिले तीन सामनेही गेले आणि आकडा ३४ झाला. मग २५ सप्टेंबर १९८२ला नॉर्दर्न इलिनॉयला त्यांनी ३१-६ असं हरवलं. गोलपोस्ट पुन्हा उपटले गेले, पण या वेळी विद्यार्थ्यांनी ते खांद्यावरून नेऊन थेट सरोवरात टाकले. त्या वर्षी संघाने तीन सामने जिंकले, आठ हरले. आणि बिग टेनचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवड झाली ती ग्रीन यांची.