फाइल उघडणार कोण?

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिला, 'आर्किटेक्टच्या ऑफिससाठी सॉफ्टवेअर कसं निवडावं', आणि निघताना हळूच म्हणाले, "सर, शेवटी एक नाव सांगून टाका." नावच सांगायचं असतं तर ते फोनवर सांगून झालं असतं. तुम्हाला संध्याकाळच्या गर्दीतून टिळक रोडपर्यंत गाडी काढायला कशाला लावली असती?

गेल्या महिन्यात दोघी मुली माझ्याकडे आल्या होत्या. एकाच वर्गातल्या. कर्वेनगरला दोन खोल्या घेऊन नवीन ऑफिस थाटलंय. हातात छापलेला तक्ता: चार सॉफ्टवेअरची नावं, खाली पंधरा-वीस ओळी. रेंडरिंग आहे का, मॅकवर चालतं का, क्लाउड आहे का. समोर बरोबरच्या खुणा नि फुल्या. मी तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, शेवटचं ड्रॉइंग कुणाला दिलंत? म्हणाल्या, सुताराला, वॉर्डरोबचं. कसं दिलंत? व्हॉट्सअ‍ॅपवर, पीडीएफ करून. मग म्हटलं, तुमच्या तक्त्यात हा सुतार कुठे आहे?

मला आज एवढंच सांगायचंय. सॉफ्टवेअर घेताना आपण बघतो ते काढायला कसं आहे. काढलेलं पुढे कोण उघडणार, कशावर उघडणार आणि किती वर्षांनी उघडणार, हे आपण बघतच नाही. डेमो देणारा ते दाखवत नाही, आणि आपल्यालाही विचारायचं सुचत नाही.

मला हे शहाणपण फुकट आलेलं नाही. २००८ साली कोथरूडला एक बंगला केला. २०१९ मध्ये मालक परत आले. मुलाचं लग्न ठरलंय, वर एक मजला चढवायचाय. म्हटलं, ड्रॉइंग आहेतच, आठवड्यात देतो. फाइल सापडली, पण ती होती आम्ही दोन वर्षं वापरून सोडून दिलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये. लायसन्स संपलेलं, तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेलेला. पीडीएफ होती, पण 'कागदावर बसेल तशी' काढलेली. म्हणजे स्केल गेलं. बीम नेमका कुठे आहे हे त्यावरून सांगता येईना. शेवटी दोन मुलं टेप घेऊन गेली आणि आपणच बांधलेला बंगला दोन दिवस मोजत बसली. मालकीणबाई चहा देताना म्हणाल्या, "तुम्हीच बांधला होतात ना हो?"

त्याच आठवड्यात माळ्यावर एक नळी सापडली. आत १९९३ चं ट्रेसिंग. रोट्रिंगने काढलेलं, जिथे चुकलं तिथे ब्लेडने खरवडलेलं, सोबत अमोनिया प्रिंट. कडा पिवळ्या पडलेल्या. पण टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली, झालं उघडून. स्केलपट्टी लावली की माप मिळतं. जुनं ते सोनं वगैरे मला म्हणायचं नाही. ते ट्रेसिंग पुन्हा काढायला बसवलं तर मीच पहिला पळून जाईन.

थोडा इतिहास भराभर बघू. रेघांची ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड आलं डिसेंबर १९८२ मध्ये. त्याच वर्षी बुडापेस्टला ग्राफिसॉफ्ट सुरू झाली आणि १९८४ मध्ये त्यांच्या आर्किकॅडची, म्हणजे इमारतीचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरची, पहिली आवृत्ती आली. तशाच जातीचं रेव्हिट २००० चं, दोन वर्षांत ते ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने विकत घेतलं. झटपट त्रिमितीय चित्रं काढायचं स्केचअपही २००० चं. २००६ मध्ये ते गूगलकडे गेलं, २०१२ मध्ये ट्रिंबलकडे. ग्राफिसॉफ्ट २००७ मध्ये नेमेचेकने घेतली. म्हणजे तुम्ही आज ज्या कंपनीकडून घेताय, तिचा मालक उद्या दुसराच असू शकतो. तुमच्या कपाटात राहते ती फक्त फाइल.

म्हणून फाइलचं बोलू. डीडब्ल्यूजी हा ऑटोकॅडचा घरचा प्रकार. पण १९९८ मध्ये ओपन डिझाइन अलायन्स नावाचा गट उभा राहिला, त्यांनी तो वाचायची सोय केली. त्यामुळे आज ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड यांसारखी बरीच सॉफ्टवेअर डीडब्ल्यूजी उघडतात आणि त्यातच काम करतात. निव्वळ टू-डी काम असेल तर ऑटोकॅडशिवायही ऑफिस चालतं, लोक चालवतातही. त्रिमितीय मॉडेलसाठी आयएफसी आहे, कुठल्याही एका कंपनीचा नसलेला फाइलचा प्रकार. २०१३ पासून ते आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, क्रमांक १६७३९. आयएफसीने भिंत भिंत म्हणून आणि दार दार म्हणून पलीकडे पोचतं. पण दुसऱ्याच्या घरी जेवायला जावं तसं. पोट भरतं, घरची चव नसते. पलीकडच्याला ते बघता येतं, मोजता येतं. आपल्यासारखं फिरवता-बदलता येईल अशी आशा ठेवू नका.

रेव्हिट घेणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्या दिवशी भिंतीवर लिहून ठेवावी. नव्या आवृत्तीत फाइल एकदा सेव्ह झाली की ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. खालच्या आवृत्तीत सेव्ह करायची सोयच नाही. आमच्याकडे एका उत्साही मुलाने शुक्रवारी संध्याकाळी 'अपग्रेड' दाबलं. स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे दोन वर्षं जुनी आवृत्ती, सोमवारी सेंटरिंग तपासायचं. रविवार कसा गेला ते विचारू नका. चूक आमचीच. तेव्हापासून कामाच्या पहिल्या मीटिंगच्या नोंदीत कुणाकडे कुठली आवृत्ती आहे हे लिहितो.

आता तुमचं काम कुठल्या जातीचं आहे, ते बघा. वाकडला बावीस मजली इमारत आहे, मजल्यावर चार फ्लॅट. म्हणजे अठ्ठ्याऐंशी फ्लॅट. एका टू-बीएचकेत मुख्य दार, दोन बेडरूम, दोन टॉयलेट, बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी धरली तर सात दारं. ६१६ दारं झाली. बिल्डर म्हणतो, टॉयलेटचं दार ७५० मिलिमीटरऐवजी ८०० करा. टू-डीमध्ये ब्लॉक, म्हणजे एकदा काढून जागोजागी चिकटवलेलं दार, बदलता येईल, पण दारांचा तक्ता हाताने, क्षेत्रफळं हाताने, आणि चौदाव्या मजल्यावर एक दार राहून जाणार हे नक्की. ते सापडणार साइटवर, चौकट बसल्यावर. इथे बीम घेतलंत तर पैसे वसूल. बीम म्हणजे आपला तुळईवाला नव्हे, मॉडेलवाला: बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, रेव्हिट-आर्किकॅड करतात ते. तिथे दार एकदा बदललं की तक्ताही बदलतो. हा घोळ साइटवर रोज होतो.

उलट कसब्यातल्या वाड्याचं काम घ्या. तिथे माप खणात, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात. भिंत खाली अडीच फूट, वर जाता जाता दीड. मधेच पोट सुटलेलं. एक कोपरा काटकोनात असेल तर शपथ. खांब उभा आहे, पण सरळ आहे असं कुणी म्हणणार नाही. मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर पहिला प्रश्न विचारतं, भिंतीचा प्रकार कोणता? आता काय सांगू, दोनशे वर्षांचा? रेव्हिटमध्ये २०२१ च्या आवृत्तीत कललेली भिंत आली आणि २०२२ मध्ये निमुळती. पण पोट सुटलेली भिंत त्यात बसवायला जाल तर दिवस त्यातच जातो, आणि मुख्य धोका पुढेच आहे. कंटाळून माणूस ती सरळ काढतो. मग ड्रॉइंगमधला वाडा सरळ, जागेवरचा वाकडा, आणि तुळईचं टोक सहा इंच हुकतं. असल्या कामाला टू-डी, वरून स्केचअप किंवा वाकडेतिकडे आकार काढणारं ऱ्हायनो, आणि भरपूर फोटो. वाड्याला दारांच्या तक्त्याचं काय कौतुक, सगळी दारं वेगळीच असतात.

परवानगीचं ड्रॉइंग हा तिसराच प्रकार. डिसेंबर २०२० मध्ये यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, तेव्हापासून एफएसआय (चटईक्षेत्र) पी-लाइनवर, म्हणजे बांधकामाच्या बाहेरच्या कडेवर मोजायची सवय आपण सगळ्यांनी लावून घेतली. पण नकाशाची छाननी संगणक करतो. त्याला आपल्यासारखं 'समजून घ्या हो' चालत नाही. पी-लाइनची पॉलीलाइन, म्हणजे सलग जोडलेली रेघ, बंद हवी, ठरलेल्या लेयरवर, म्हणजे ड्रॉइंगच्या थरावर हवी. दोन टोकांत दोन मिलिमीटरची फट राहिली तर स्क्रीनवर तुम्हाला दिसणार नाही, त्याला मात्र क्षेत्रफळच सापडणार नाही. तेव्हा तुमचं सुंदर मॉडेल शेवटी स्वच्छ, लेयर लावलेलं टू-डी ड्रॉइंग किती सहज बाहेर काढतं, हे घेण्याआधी स्वतः करून बघा. विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर बघू नका, तुमच्या प्लॅनवर बघा.

आणि मराठी. यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण कुणीच बोलत नाही. कॅडमधले जुने एसएचएक्स फॉन्ट, रोमन्स, सिम्प्लेक्स वगैरे, त्यात देवनागरी नाही. मग आपण वर्षानुवर्षं युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट वापरले. आपल्या कॉम्प्युटरवर 'प्रवेशद्वार' झकास दिसतं. तीच फाइल दुसऱ्याकडे उघडली, त्याच्याकडे तो फॉन्ट नसेल, तर त्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचे नकाशे दाखवायचे असतात, आजोबा-आजी पुढच्या रांगेत बसलेले असतात, आणि नकाशावर खिचडी. म्हणून सॉफ्टवेअर तपासताना युनिकोडमध्ये तीन शब्द टाइप करा: 'क्षेत्रफळ', 'कार्यालय' आणि 'कऱ्हाड'. पीडीएफ काढा, मोबाइलवर उघडा. रफार जागेवर आहे का, ऱ्ह नीट जुळला का. मग 'किचन' लिहा आणि पहिली वेलांटी 'क'च्या कुठल्या बाजूला पडते ते बघा. पाच मिनिटांची परीक्षा आहे. यात नापास होणारी महागडी सॉफ्टवेअर मी पाहिली आहेत.

पैशांचं बोलू. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमची लायसन्स विकणं बंद केलं, तेव्हापासून सगळं भाड्याने. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या नावाजलेल्या आर्किटेक्ट कंपन्यांनी त्यांना उघड पत्र लिहिलं होतं की रेव्हिटचा खर्च वाढतोय आणि त्या मानाने सुधारणा होत नाही. तिकडचे मोठे लोक कुरकुरतात, तर सहा खुर्च्यांच्या आपल्या ऑफिसने काय करावं? भाड्याने राहायला माझी हरकत नाही. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस जसा सामान बांधता येईल इतपतच ठेवतो, तसं राहा. प्रत्येक काम संपलं की मूळ फाइलबरोबर डीडब्ल्यूजी, आयएफसी आणि ठरल्या स्केलची पीडीएफ, तिन्ही काढून ठेवा. ऱ्हायनो अजून एकदाच पैसे घेऊन कायमचं मिळतं. ब्लेंडर आणि फ्रीकॅड फुकट आहेत. फ्रीकॅडची १.० आवृत्ती २०२४ मध्ये आली. पण फुकट म्हणजे शिकायचा पगार कुणी द्यायचा, हा प्रश्न उरतोच.

क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, कुणाकडे आहे, ते विचारत नाही. हात वर करू नका. एक गंमत मात्र सांगतो. एका शिकाऊ मुलीने तिच्या कॉलेजच्या फाइलमधला बेसिनचा एक ब्लॉक आमच्या ड्रॉइंगमध्ये चिकटवला. ती फाइल विद्यार्थी आवृत्तीतली. प्लॉटरमधून चोवीस शीट बाहेर आले, प्रत्येकाच्या चारही कडांवर 'विद्यार्थी आवृत्तीत तयार केलेले' असा इंग्रजी शिक्का. क्लायंट समोर बसलेले. एका बेसिनपायी आमची चोवीस वर्षांची प्रॅक्टिस विद्यार्थिदशेत गेली.

परीक्षा कशी घ्यायची ते सांगतो. नवीन काम घेऊ नका. पूर्ण झालेलं, छोटं, ज्याची प्रत्येक वीट ठाऊक आहे असं काम घ्या आणि पुन्हा काढा. ऑफिसातल्या सगळ्यात चपळ माणसाला देऊ नका, त्याला काहीही येतं. सगळ्यात सावकाश माणसाला द्या. जिन्यापर्यंत आला की त्याला सांगा, मजल्याची उंची ३००० मिलिमीटरची ३१५० करा. आधी दीडशेच्या वीस पायऱ्या होत्या, आता एकवीस. एक पायरी वाढली म्हणजे लँडिंग सरकलं, डोक्यावरची जागा बदलली, लँडिंगची खिडकी आता स्लॅबमध्ये शिरते की काय. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, किती ठिकाणी हात लावावा लागला ते शेजारी बसून वहीत मोजा. तो आकडा तुमच्या तक्त्यातल्या वीस ओळींपेक्षा खरा. दोन-तीन सॉफ्टवेअरवर हेच करा. चाचणीसाठी काही दिवस बहुतेक सगळे देतात, फक्त ते दिवस दिवाळीत काढू नका.

मागून कुणीतरी विचारतंय, तुमच्या ऑफिसात काय आहे? सांगतो. दोन ठिकाणी रेव्हिट, दोन ठिकाणी ऑटोकॅड एलटी (ऑटोकॅडची टू-डीपुरती धाकटी आवृत्ती), एका ठिकाणी स्केचअप आणि ऱ्हायनो. सहावी खुर्ची माझी, माझ्याकडे पेन्सिल आणि पीडीएफ.

आणि त्या दोघींनी काय घेतलं? अजून काहीच नाही. त्या खरंच सुताराला विचारायला गेल्या. तो म्हणाला, "मॅडम, कुठलंही घ्या, पण मापाचे आकडे मोठे काढा. मोबाइलवर तीनचा आठ दिसतो."